पिवळ्या दिव्याचा अर्थ आणि अभियंत्याची नेमणूक

शहरातील दिव्यांनी नियंत्रित होणारे चौक अधिक सुरक्षित व्हावेत म्हणून नगरपालिकेने अभियंते कसे नेमावेत, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने हाती घ्यावा ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. प्रश्न अभियांत्रिकीचा आहे, नगरप्रशासनाचा आहे, फार तर कायद्याचा आहे. त्यात आपल्या विभागाचा संबंध कोठे येतो? प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, तो अगदी आरंभीच येतो. अभियंत्याने चौकात पाऊल टाकण्यापूर्वीच त्याने काय पाहावे आणि काय पाहू नये हे करारातील चारसहा शब्दांनी ठरून गेलेले असते. 'सिग्नल', 'अपघात', 'सुरक्षा', 'अभियंता' हे ते शब्द होत. ते सर्वांच्या परिचयाचे आहेत, आणि म्हणूनच त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. ह्या विवेचनासाठी उदाहरणे अमेरिकेतील घेतली आहेत. तेथे अशा नेमणुकांची पद्धत कायद्याने बांधलेली आहे, चौकांतील फेरफारांच्या परिणामांचे मोजमाप झालेले आहे, आणि ऑरेगॉन राज्यातील एका खटल्यात तर 'अभियंता' ह्या शब्दाच्या अर्थाचाच निर्णय न्यायालयास करावा लागला आहे.

प्रथम नेमणुकीच्या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. रस्त्यावर खडी टाकावयाची असेल तर निविदा मागवून सर्वांत कमी दराच्या कंत्राटदारास काम देणे हा सर्वत्र रूढ असलेला मार्ग होय. सल्लागार अभियंत्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७२ साली वेगळा मार्ग कायद्याने ठरविला. प्रतिनिधिगृहातील सभासद जॅक ब्रुक्स ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या कायद्यानुसार आधी योग्यता पाहावयाची, योग्यतेच्या क्रमाने यादी लावावयाची, आणि मग पहिल्याशी मोबदल्याची बोलणी करावयाची; ती फिसकटली तरच दुसऱ्याकडे वळावयाचे. अनेक राज्यांनी आपापले तसेच कायदे केले आणि केंद्राच्या पैशाने होणाऱ्या रस्त्यांच्या आखणीकामासही हेच तत्त्व लागू झाले. ह्यामागील विचार सरळ आहे. खडी घनमीटरांत मोजता येते. सल्ला तसा मोजता येत नाही. ज्याने चौकात दोन तास कमी घालविले त्याचा दर कमी येणार, आणि नेमके तेच दोन तास महत्त्वाचे असू शकतात.

परंतु योग्यतेवरून निवड करावयाची म्हणजे कोणत्या कामाची योग्यता, हे आधी लिहून द्यावे लागते. नगरपालिका जे आवाहनपत्र काढते त्यात 'कामाची व्याप्ती' असा एक भाग असतो. दराची स्पर्धा दूर झाल्यामुळे सगळा भार ह्या भागातील शब्दांवर येऊन पडतो. कंत्राटदाराने खडी कमी टाकली तर ती मोजून दाखविता येते. अभियंत्याने एखादा प्रश्न विचारलाच नाही, तर तो प्रश्न व्याप्तीत होता किंवा नव्हता ह्यावाचून दुसरा पुरावा राहत नाही.

आता 'सिग्नल' हा शब्द घेऊ. मराठीत त्याचा अर्थविस्तार मोठा मनोरंजक झाला आहे. 'सिग्नल लागला' म्हणजे तांबडा झाला, 'सिग्नल सुटला' म्हणजे हिरवा झाला, 'सिग्नल तोडला' म्हणजे नियम मोडला. रेल्वेच्या फाटकापाशी उभे असणाऱ्या जुन्या पिढीस 'सिग्नल पडला' म्हणजे गाडीला वाट मिळाली हे निराळे सांगावे लागत नसे, कारण खांबावरचा हात खरोखरच खाली पडत असे. आणि 'पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळा' असे आपण म्हणतो तेव्हा सिग्नल म्हणजे चौकच. साहचर्याने झालेली ही लक्षणा बोलण्यात निरुपद्रवी आहे. करारात ती तशी राहत नाही. 'सिग्नलची सुधारणा' एवढेच शब्द व्याप्तीत असतील, तर चौकाची सुधारणा दिव्यावाचून होऊ शकेल काय, हा प्रश्न अभियंत्यास विचारताच येत नाही. दिवा तेथे राहणार हे वाक्याने आधीच गृहीत धरलेले असते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. फिलाडेल्फिया शहरात एकेरी वाहतुकीच्या आणि फारशी वर्दळ नसलेल्या १९९ चौकांतील दिवे काढून टाकण्यात आले आणि त्या जागी येणाऱ्या सर्व बाजूंनी थांबण्याची पाटी लावण्यात आली. ह्या फेरफाराचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात टकरींची संख्या सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. दिवा म्हणजे सुरक्षितता हे समीकरण आपल्या मनात इतके रुजलेले असते की, चौकात कोणी दगावले की लोक दिव्याची मागणी करतात आणि नगरसेवक ती पुढे नेतात. वाहतूक-नियंत्रक साधनांच्या अमेरिकन नियमपुस्तिकेत दिवा बसविण्यासाठी काही कसोट्या दिलेल्या आहेत. २००९ च्या आवृत्तीत त्या नऊ होत्या, आणि त्यांपैकी एक टकरींच्या संख्येविषयीची होती. इंग्रजीत ह्या कसोटीसाठी जो शब्द योजला आहे त्याला हुकूम, परवाना, समर्थन अशा तिन्ही अर्थांच्या छटा आहेत. त्यामुळे कसोटी उतरली की दिवा लावणे बंधनकारकच झाले, असे वाचणाऱ्यास वाटावे हे स्वाभाविक आहे. पुस्तिका मात्र स्पष्ट सांगते की, एखादी कसोटी उतरल्यामुळेच दिवा बसविणे आवश्यक ठरत नाही. एका शब्दाची संदिग्धता निस्तरण्यासाठी एक संपूर्ण वाक्य खर्ची घालावे लागले, ह्याची नोंद अर्थविचाराच्या अभ्यासकाने घ्यावी.

'अपघात' ह्या शब्दाविषयी पाश्चात्य देशांत बरीच चर्चा झाली आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ साली आपल्या पानांतून ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द वर्ज्य केला. कारण त्यात अकल्पितपणाची, टाळता न येण्याची छटा आहे. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्यानेही त्याआधीच 'धडक' ह्या अर्थाचा शब्द स्वीकारण्याचा आग्रह धरला होता. मराठीतील 'अपघात' शब्दाची व्युत्पत्ती पाहता त्यात दैवाचा अंश नाही; घात म्हणजे आघात, आणि 'अप' उपसर्गाने त्याचे अनिष्टत्व सुचविले जाते. परंतु प्रयोगात मात्र तोही दैवाकडेच झुकला आहे. 'अपघाताने भेट झाली' असे आपण म्हणतो. शब्द बदलल्याने गाड्या थांबत नाहीत हे खरे. तथापि अभियंत्याच्या कामाची पहिली पायरी पाहिली की शब्दाचे महत्त्व कळते. तो प्रत्येक टकरीची पोलीस-नोंद घेऊन चौकाच्या नकाशावर ती बाणांनी मांडतो: कोणती गाडी कोठून आली, कोठे वळत होती, दिवा कोणता होता, रात्र होती की दिवस. अशा दहावीस बाणांचा नकाशा झाला की त्यात आकृतिबंध दिसू लागतात. काटकोनी टकरी अमुक वेळेस, मागून बसणाऱ्या धडका अमुक मार्गिकेत, पादचाऱ्यांस लागलेले धक्के वळणाऱ्या गाड्यांचे. जे अकल्पित आहे त्याचा आकृतिबंध शोधण्यास कोणी प्रवृत्त होणार नाही. 'टक्कर' म्हटले की कोण, कोठून, कशी, हे प्रश्न व्याकरणतःच उभे राहतात, कारण टकरीला दोन पक्ष लागतात.

येथे संख्याशास्त्रातील एका सापळ्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. समजा, एखाद्या चौकात दीर्घकाळच्या सरासरीने वर्षाला चार टकरी होतात. एखाद्या वर्षी त्या नऊ झाल्या. वर्तमानपत्रांत ओरड झाली, अभियंता नेमला गेला, काही फेरफार झाले आणि पुढील वर्षी टकरी पाचच झाल्या. सर्वांस वाटते, काम फत्ते झाले. वस्तुतः काहीही केले नसते तरी नवाचा आकडा पुढील वर्षी बहुधा खाली आलाच असता. वाईट वर्षानंतर आकडे आपल्या सरासरीकडे परततात. ह्यामुळेच सर्वांत वाईट वर्ष पाहून चौक निवडावयाचा आणि पुढचे वर्ष पाहून यश जाहीर करावयाचे, ही रीत नगरपालिकेसही गोड वाटते आणि सल्लागारासही. तशाच स्वरूपाच्या पण फेरफार न केलेल्या चौकांशी तुलना, आणि अनेक वर्षांची आकडेवारी, ह्यांवाचून परिणाम कळत नाही. हे काम कंटाळवाणे असते, त्याचे उद्‌घाटन करता येत नाही, आणि म्हणून ते व्याप्तीत स्पष्ट शब्दांत लिहिलेले नसेल तर होत नाही.

ह्यावरून आपण 'सुरक्षा' ह्या मुख्य शब्दाकडे येतो. टोरांटो विद्यापीठातील एझ्रा हाउअर ह्यांनी सुरक्षेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. त्यांस मराठीत नामनिष्ठ आणि वस्तुनिष्ठ अशी नावे देता येतील. रस्ता मानकांनुसार बांधला आहे, दिव्यांची उंची, रंग, अंतर सर्व नियमांत बसते, ही नामनिष्ठ सुरक्षा. त्या रस्त्यावर प्रत्यक्षात किती माणसे जखमी होतील अशी अपेक्षा आहे, ही वस्तुनिष्ठ सुरक्षा. दोहोंचा संबंध आहे, पण ती एकच नव्हेत. सर्व मानके पाळलेल्या चौकात माणसे मरू शकतात. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर एकीत शब्दाचा मेळ दुसऱ्या शब्दांशी घातला जातो आणि दुसरीत वस्तूशी. कायदेशीर दृष्ट्या नगरपालिकेस पहिली अधिक सोयीची असते, कारण न्यायालयात तिचा पुरावा कागदावर दाखविता येतो. करारात 'सुरक्षा' एवढाच शब्द असला, तर अभियंता ह्यांपैकी सोपी ती पुरवील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

वस्तुनिष्ठ सुरक्षेतही एकवाक्यता नसते. तांबडा दिवा तोडणाऱ्यांची छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांचा अमेरिकेतील सात ठिकाणच्या १३२ चौकांत अभ्यास करण्यात आला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. काटकोनी टकरी २४.६ टक्क्यांनी घटल्या आणि मागून बसणाऱ्या धडका १४.९ टक्क्यांनी वाढल्या. कॅमेऱ्याने सुरक्षा वाढली काय? काटकोनी टक्कर अधिक प्राणघातक असते, म्हणून एकंदरीत थोडा लाभच झाला, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. परंतु हे उत्तर देण्यासाठी आधी मोडलेले हाड आणि मोडलेला बंपर ह्यांचे परस्पर मोल ठरवावे लागते. ते ठरविणे अभियंत्याचे काम नव्हे. ते नगराचे काम आहे, आणि नगराने ते करारात न लिहिता सोडले तर अभियंता निरुपायाने, बहुधा नकळत, ते स्वतः ठरवितो.

आता पिवळ्या दिव्याकडे वळू. चिन्हव्यवस्थेच्या प्रास्ताविक पाठांत वाहतुकीचे दिवे हे ठरलेले उदाहरण असते. एडमंड लीच ह्यांनी १९७० साली लेवी-स्त्रोस ह्यांच्यावर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात ते विस्ताराने मांडले आहे: वर्णपटात पिवळा हा हिरवा आणि तांबडा ह्यांच्या मधला, म्हणून 'जा' आणि 'थांबा' ह्यांच्या मधल्या अवस्थेसाठी तोच निवडला गेला. आपणही विद्यार्थ्यांस हेच शिकवितो. तीन चिन्हे, तीन अर्थ, परस्परविरोधाने निश्चित झालेले. ह्या मांडणीत एक उणीव आहे आणि ती प्रस्तुत लेखकाच्याही ध्यानात फार उशिरा आली. तांबड्या दिव्याचा अर्थ तो किती वेळ लागला आहे ह्यावर अवलंबून नसतो, पिवळ्याचा असतो. पिवळ्या दिव्याचा कालावधी हा त्याच्या अर्थाचाच घटक आहे.

कसा, ते आकड्यांनी पाहू. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने गाडी चौकाकडे येत आहे. दिवा पिवळा झाला. चालकास तो दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे मानू. तेवढ्यात गाडी १५ मीटर पुढे आली. त्यानंतर ती सेकंदाला ३ मीटर ह्या सौम्य प्रमाणात वेग कमी करीत गेली तर थांबेपर्यंत आणखी ३७.५ मीटर लागतात. म्हणजे थांबण्याच्या रेषेपासून ५२.५ मीटरांच्या आत असलेल्या गाडीस नीट थांबता येत नाही. तिने पुढे जाणेच योग्य. आता ५२.५ मीटर अंतर त्याच वेगाने कापण्यास ३.५ सेकंद लागतात. पिवळा दिवा ३.५ सेकंदांचा असेल तर प्रत्येक चालकास दोहोंपैकी एक गोष्ट निश्चित करता येते. तो ३ सेकंदांचाच असेल तर त्या अवधीत गाडी ४५ मीटरच जाईल. म्हणजे ४५ आणि ५२.५ ह्या अंतरांच्या मधे सापडलेल्या चालकास ना थांबता येते ना तांबड्याच्या आधी रेषा ओलांडता येते. साडेसात मीटरांच्या ह्या पट्ट्यात कितीही सज्जन आणि सावध माणूस आला तरी तो अपराधी ठरतो. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेतील गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन ह्या तिघांनी १९६० साली एका निबंधात ही गोष्ट गणिताने मांडली, आणि तेच समीकरण पुढे पिवळ्याचा कालावधी ठरविण्यासाठी रूढ झाले.

वाक्कृतींचा सिद्धान्त ज्यांनी अभ्यासला आहे त्यांस येथे ओळखीची खूण पटेल. ऑस्टिन आणि त्यांच्यामागून सर्ल ह्यांनी दाखविले की, आज्ञा ही आज्ञा म्हणून सिद्ध होण्यास काही पूर्वअटी लागतात. ज्यास आज्ञा दिली त्यास ती पाळणे शक्य असणे ही त्यांतील एक. अर्धा सेकंद कमी पडलेला पिवळा दिवा हे अशा असिद्ध आज्ञेचे उदाहरण आहे. ती काच आणि वीज ह्यांच्या द्वारा उच्चारली जाते म्हणून तिचे स्वरूप पालटत नाही. अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांत पिवळ्याचा अर्थही एक नाही, हे येथे जोडले पाहिजे. बहुतेक राज्यांत पिवळा ही केवळ पूर्वसूचना मानतात. तो लागलेला असेपर्यंत चौकात शिरण्यास मुभा असते. ऑरेगॉनसारख्या काही राज्यांत मात्र चालकाने पिवळ्यास थांबलेच पाहिजे. सुरक्षितपणे थांबता येत नसेल तरच सावधपणे पुढे जावे. एकीकडे 'जाऊ शकतो' आणि दुसरीकडे 'थांबले पाहिजे'. दिव्याचा रंग तोच, कालावधीचे समीकरणही तेच, आणि क्रियापदाचा अर्थ मात्र राज्याची सीमा ओलांडली की बदलतो.

ह्याच ऑरेगॉन राज्यातील बीव्हर्टन गावात मॅट्स यार्लस्ट्रॉम ह्यांच्या पत्नीस २०१३ साली कॅमेऱ्याने टिपलेल्या तांबड्या दिव्याबद्दल दंड झाला. यार्लस्ट्रॉम हे मूळचे स्वीडनचे. विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी तेथेच घेतलेले. त्यांनी पिवळ्या दिव्याच्या कालावधीचा अभ्यास आरंभिला, आणि १९६० च्या समीकरणात वळणाऱ्या गाडीचा विचार नाही हे त्यांच्या ध्यानात आले. वरील उदाहरणच पुढे चालवून पाहा. ५२.५ मीटरांवर असलेल्या चालकास थांबता येत नाही, म्हणून तो पुढे जातो. पण त्यास वळावयाचे आहे, म्हणून वेग सेकंदाला ६ मीटरांपर्यंत उतरविणे भाग आहे. पहिल्या सेकंदात १५ मीटर, वेग उतरविण्याच्या तीन सेकंदांत ३१.५ मीटर, आणि उरलेल्या ६ मीटरांस आणखी एक सेकंद. एकूण पाच. सरळ जाणाऱ्यास ३.५ सेकंद पुरतात, वळणाऱ्यास पाच लागतात, आणि समीकरण दोघांस ३.५ देते. जो सावधपणे वेग कमी करतो तोच तांबड्यात सापडतो. समीकरणाच्या तीन मूळ कर्त्यांपैकी मॅराड्युडिन ह्यांनीही ते वळणाऱ्या वाहनांस लागू करणे योग्य नव्हे, असाच अभिप्राय दिला.

यार्लस्ट्रॉम ह्यांनी आपले म्हणणे अनेकांस कळविले. २०१४ साली त्यांनी अभियंत्यांस परवाने देणाऱ्या राज्याच्या मंडळासही लिहिले आणि त्या लिखाणात स्वतःचा उल्लेख अभियंता असा केला. मंडळाने समीकरणाविषयी काही न बोलता त्यांचीच चौकशी सुरू केली. ऑरेगॉनच्या कायद्यानुसार परवाना नसलेल्या व्यक्तीने स्वतःस अभियंता म्हणविणे हा गुन्हा होता, आणि दिव्यांच्या कालावधीविषयी आकडेमोड करून लोकांपुढे मांडणे हा मंडळाच्या मते परवान्यावाचून केलेला व्यवसाय होता. ५०० डॉलर दंड झाला. २०१७ साली यार्लस्ट्रॉम केंद्रीय न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीश स्टेसी बेकरमन ह्यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. नुसत्या 'अभियंता' ह्या शब्दास एक सामान्य अर्थ आहे, तो 'परवानाधारक व्यावसायिक अभियंता' ह्याहून वेगळा आहे, आणि तो शब्द वापरणे हे स्वभावतःच दिशाभूल करणारे नाही, असे न्यायालयाने मानले.

आमच्या शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय अगदी योग्य वाटतो. अमेरिकेत आगगाडी चालविणाऱ्यासही हाच शब्द लावतात. लॅटिनमधील बुद्धिवाचक शब्दापासून निघून, युद्धयंत्रे करणाऱ्याच्या वाटेने तो आजच्या अर्थास पोचला. मराठीत आपण आधी 'इंजिनेर', 'इंजिनिअर' म्हणत आलो आणि मग 'अभियंता' रूढ केला. संस्कृतात 'यंतृ' म्हणजे आवरणारा, सारथी. चौकातील गाड्यांस आवरणाऱ्या माणसास हा शब्द अपेक्षेहून अधिक शोभतो. असा शब्द एखाद्या मंडळाच्या मालकीचा होऊ शकत नाही. परंतु ह्यावरून परवान्याची पद्धतच निरर्थक ठरते असे कोणी समजू नये. ज्याच्या सहीने दिव्याचा कालावधी बदलतो त्याची योग्यता तपासलेली असणे आणि चूक झाल्यास त्यास जाब विचारता येणे, ह्यातच रस्त्यावरील माणसाचे रक्षण आहे. कृतीवर नियंत्रण असावे. बोलण्यावर आणि बेरीज-वजाबाकीवर ते असण्याचे कारण नाही. नगरपालिकेपुरता ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, चौकाविषयी नागरिकांकडून आलेल्या तक्रारी व आकडेमोडी नेमलेल्या अभियंत्याने पाहाव्यात आणि त्यांस लेखी उत्तर द्यावे, हे कलम व्याप्तीत असावे. बीव्हर्टनच्या प्रकरणात दोष दाखविणारा मनुष्य कोणत्याही करारात नव्हता.

शेवटी आणखी एका शब्दप्रयोगाचा विचार करावयाचा आहे. अशा करारांत 'प्रचलित मानकांनुसार' हे शब्द सहज घातले जातात. व्याकरणदृष्ट्या 'प्रचलित' हे 'आज', 'येथे', 'आम्ही' ह्यांच्या जातीचे आहे. बोलणारा आणि बोलण्याची वेळ कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. करार झाला त्या दिवशी प्रचलित, आराखडा मंजूर झाला त्या दिवशी, की दिवा पेटला त्या दिवशी? पादचाऱ्यास रस्ता ओलांडण्यास किती वेळ द्यावयाचा हे त्याच्या चालण्याच्या वेगावरून ठरते. अमेरिकन नियमपुस्तिकेत हा वेग पूर्वी सेकंदाला चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर धरीत. २००९ च्या आवृत्तीने तो साडेतीन फुटांवर, म्हणजे सुमारे १.०७ मीटरांवर आणला, कारण म्हातारी माणसे आणि लहान मुले त्या वेगाने चालत नाहीत. अठरा मीटर रुंद रस्त्यास पूर्वी १५ सेकंद पुरेसे मानले जात. नव्या हिशेबाने जवळजवळ १७ लागतात. जुन्या 'प्रचलित' मानकावर मांडलेला दिवा पंधराच देत राहतो, आणि काठी टेकीत जाणारी बाई शेवटच्या मार्गिकेत असताना तिकडच्या गाड्यांस हिरवा मिळतो. पादचाऱ्यांस गाड्यांच्या आधी तीन ते सात सेकंद मोकळी वाट द्यावी, म्हणजे वळणाऱ्या चालकास ते समोर दिसतात, ह्या उपायाने पादचाऱ्यांच्या टकरी सुमारे १३ टक्क्यांनी घटतात असे अमेरिकेच्या महामार्ग खात्याने नमूद केले आहे. ह्यास नवे खांब लागत नाहीत, नियंत्रकपेटीतील आकडे बदलावे लागतात. परंतु मानकाने तो सक्तीचा केलेला नसेल तर 'प्रचलित मानकांनुसार' काम करणाऱ्यास तो सुचविण्याचे कारण राहत नाही.

वळणाऱ्या गाडीच्या पिवळ्याचेही पुढे असेच झाले. वाहतूक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली पिवळ्या दिव्याच्या कालावधीविषयीची आपली शिफारस नव्याने प्रसिद्ध केली, आणि तीत वळणाऱ्या गाडीचा उतरलेला वेग समीकरणात आला. गाडी सरळ जाणार असेल तर नवे समीकरण आपोआप जुन्याचे रूप घेते. वळणार असेल तर वरच्यासारखे अधिक सेकंद देते. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. २०२० पूर्वीच्या हिशेबाने लावलेले दिवे त्या दिवशी बदलले नाहीत. ते बदलण्यासाठी प्रत्येक शहरास कोणास तरी नेमावे लागते, आणि त्या नेमणुकीच्या कागदावर मानकाचे नाव त्याच्या सालासह लिहावे लागते.